डोळ्यांचे नित्याचे विकार व त्यांवरील उपाय

पेरणीपासून बाजारापर्यंतचें प्रत्येक काम ज्यांच्या भरंवशावर चालतें, त्या डोळ्यांची वास्तपुस्त शेतकरी सहसा करीत नाहीं. म्हणून नेहमीं आढळणाऱ्या विकारांविषयीं थोडी माहिती आम्ही येथें देतों.

१. डोळे येणें. — इ. स. २०२३ च्या पावसाळ्यांत मुंबईसह साऱ्या महाराष्ट्रांत ही साथ पसरली होती. दादरच्या फूलबाजारांत पहाटे माल आणणारा बागाइतदार व परळ-लालबागच्या चाळींतून सणास गांवीं जाणारा चाकरमानी, हे दोघेही अशी साथ नकळत गांवोगांव नेऊं शकतात. रोग्याच्या डोळ्यांकडे पाहिल्यानें डोळे येतात हा समज खोटा आहे. हात, पंचा, उशी व काजळाची डबी यांच्या द्वारें रोग पसरतो. साथीचा हा विकार बहुधा विषाणूंपासून होतो व एकदोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. उकळून निवविलेल्या पाण्यांत भिजविलेल्या कापसानें डोळे पुसावे, हात साबणानें वारंवार धुवावे व पंचा निराळा ठेवावा. मात्र दृष्टि अंधुक झाल्यास, उजेड सहन न झाल्यास अथवा तीव्र ठणका लागल्यास वैद्यकीय तपासणी अवश्य करावी.

२. रांजणवाडी. — पापणीच्या केसाच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथींत जंतू शिरून ही पुळी येते. ऊन पाण्यांत पिळलेल्या स्वच्छ फडक्यानें दिवसांतून तीनचार वेळां दहा-दहा मिनिटें शेकावें. पुळी दाबूं अथवा फोडूं नये.

३. पापण्यांस कोंडा होणें. — कडा लाल होतात, खाज सुटते व सकाळीं पापण्या चिकटतात. हा विकार चिवट असल्यामुळें रोज शेकून कडा हलक्या हातानें स्वच्छ करण्याची संवयच लावून घ्यावी.

४. खुपऱ्या. — पूर्वीं या रोगानें असंख्य लोक आंधळे होत. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या नात्यानें भारतांतून त्याचें निर्मूलन झालें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं जाहीर केलें. औषधांच्या जोडीस पाणी व स्वच्छता यांचाही हा विजय होय.

५. बुबुळाची जखम. — शेतकऱ्यास खरें भय हिचेंच. भाताचें पातें, उंसाचें पान किंवा मळणींतील कूस बुबुळास घांसली, तर त्या ओरखड्यांतून बुरशी आंत शिरते. आरंभीं डोळा केवळ खुपतो. पुढें पांढरा ठिपका दिसतो व अखेर फूल पडतें. अशा वेळीं मध, तूप, झाडपाल्याचा रस अथवा अंगावरचें दूध डोळ्यांत घालूं नये. दुकानांतून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब तर कदापि घालूं नयेत. त्यांनीं लाली ओसरते, पण बुरशी बळावते. कापणी एक दिवस थांबवावी, परंतु त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा. मुंबईंत असणारांस परळचें, १९२६ सालीं सुरू झालेलें के. ई. एम. रुग्णालय आहे, इतरांनीं जिल्हा रुग्णालयांत जावें.

आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. दप्तरांतील चुकीची नोंद अर्ज करून दुरुस्त होते. बुबुळावर पडलेलें फूल मात्र थेंबांनीं पुसलें जात नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.