हजेरीपट आणि शिधेपत्रक

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी बालकल्याणावर काही लिहावे, अशी विश्वस्त मंडळींची सूचना आली. वसतिगृह व शिष्यवृत्त्या यांविषयी इतर लेखक लिहीतच आहेत, म्हणून मी विषय दूरचा घेतला आहे. अन्न, वस्त्र व निवारा दिला की निराश्रित मुलासंबंधीचे कर्तव्य पुरे झाले, अशी आपणा धर्मादाय कार्य करणाऱ्यांची पुष्कळदा समजूत असते. पॅलेस्टाइनच्या निर्वासित मुलांचा पाऊणशे वर्षांचा इतिहास या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतो.

1948 च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी अरब पळून गेले किंवा हुसकावले गेले आणि गाझा, जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, जॉर्डन, लेबनॉन व सीरिया येथे विखुरले. प्रारंभीची मदत रेडक्रॉसने केली. गाझात अमेरिकन क्वेकर मंडळींनी केली. 8 डिसेंबर 1949 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या लोकांसाठी स्वतंत्र मदतसंस्था स्थापण्याचा ठराव केला व 1 मे 1950 पासून तिचे काम सुरू झाले. हीच ‘उनरवा’.

आरंभी तिचे मुख्य काम पीठ, डाळ, तेल, साखर वाटण्याचे. पुढे शिधेपत्रकांच्या संख्येवर मर्यादा पडली आणि, विशेषतः जॉर्डनमध्ये, मागाहून जन्मलेल्या पुष्कळ मुलांना शिधा मिळेना. असे असूनही आईबापांचा आग्रह शाळेसाठी असे. यात नवल नाही. शेत गेले, घर गेले. मुलाबरोबर कोठेही नेता येईल अशी एकच मिळकत उरली होती. युनेस्कोच्या साहाय्याने चाललेले तंबूतले वर्ग हळूहळू पक्क्या इमारतींत आले. इमारती अपुऱ्या, म्हणून सकाळची व दुपारची अशा दोन पाळ्या. शिक्षक बहुतेक निर्वासितच. अभ्यासक्रम मात्र ज्या देशात छावणी त्या देशाचा ठेवला. ही दूरदृष्टी होय, कारण त्यामुळे प्रमाणपत्र छावणीबाहेरही चालले. 1962 साली रामल्ला येथे मुलींसाठी निवासी प्रशिक्षण केंद्र निघाले, आणि त्याच दशकात शाळांतून मुलींची संख्या मुलांच्या जवळपास बरोबरीला आली. 2023 च्या युद्धापूर्वी सुमारे सातशे शाळांत पाच लाखांहून अधिक मुले शिकत होती, आणि संस्थेच्या नियमित खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग शिक्षणावर जात होता.

शाळा म्हणजे केवळ वाचन-लेखन नव्हे. शिधेपत्रक कुटुंबाची माणसे मोजते. हजेरीपट त्या मुलाला रोज नावाने हाक मारतो. तीन दिवस गैरहजर राहिलेले मूल आजारी आहे, कामाला जुंपले आहे की त्याचे लग्न लावून दिले आहे, हे शिक्षकाला आधी कळते. लस टोचणे, डोळे तपासणे, दु:खाने गप्प झालेले मूल ओळखणे, ही सारी कामे वर्गातच सुलभ होतात.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्राएलवर केलेल्या हल्ल्यात मुलेही बळी पडली व ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझातील हजेरीपट मिटले. शाळा आश्रयस्थाने झाल्या, बहुतेक इमारतींची नासधूस झाली आणि मुले हजारोंनी मेली. ऑगस्ट 2024 मध्ये तेथे पंचवीस वर्षांनी पोलिओचा रोगी आढळला, तोही दहा महिन्यांचे मूल. सप्टेंबरात लढाईला ठरावीक तासांचा विराम देऊन पहिल्या फेरीत साडेपाच लाखांवर मुलांना डोस पाजण्यात आले. त्याच वर्षी इस्राएलच्या संसदेने उनरवाच्या कामावर बंदी आणणारे कायदे केले. तिचे काही नोकर हल्ल्यात सामील असल्याचा आरोप होता. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनंतर नऊ जणांना दूर करण्यात आले. दोषी नोकराला शासन व्हावे हे योग्यच, पण त्यापायी मुलाची शाळा का जावी?

गाझाच्या इस्पितळांत या काळात एक नोंद रूढ झाली : ‘जखमी मूल, हयात नातेवाईक नाही.’ असे वाचले की कनवाळू माणूस म्हणतो, ही मुले दत्तक द्या. बालसंरक्षणाच्या कामातले जाणकार म्हणतात, घाई नको. आधी आत्या, मामा, आजी शोधा, भावंडे एकत्र ठेवा. आईबाप बेपत्ता म्हणजे मृतच असे नाही. 1989 च्या बालहक्क कराराच्या विसाव्या कलमात दत्तकाबरोबर ‘कफाला’चाही उल्लेख आहे. यात मुलाचे नाव व वंश न बदलता त्याच्या पालनपोषणाची जबाबदारी घेतली जाते.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना कोल्हापूरजवळची वळिवड्याची छावणी ऐकून ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धात रशियातून इराणमार्गे सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तेथे राहिले, व मुलांसाठी त्यांनी पोलिश शाळा चालवल्या. त्याच लोंढ्यातली काही पोलिश मुले तेव्हा पॅलेस्टाइनमध्ये आश्रयाला होती. पाचसहा वर्षांत त्याच भूमीतली मुले निर्वासित झाली.

भारत सरकार 2018 पासून उनरवाला वर्षाला पन्नास लाख डॉलर देत आले. सभासदांपैकी कोणास न्यासाच्या निधीतून काही पाठवावेसे वाटल्यास आधी आपल्या घटनेतील उद्देश पाहावेत व हिशेबनिसाचा सल्ला घ्यावा. धर्मादाय न्यासाने परदेशात केलेल्या खर्चावर करमाफी हवी असल्यास केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते.

19 जुलै 2025 रोजी, युद्ध चालू असतानाच, गाझातील सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी युद्ध सुरू झाल्यापासूनची पहिली शालान्त परीक्षा दिली. वर्ग नव्हते, जेथे मोबाईलला जोडणी मिळाली तेथे, कोणी तंबूत, कोणी चहा-कॉफीच्या दुकानात बसून उत्तरे लिहिली.