१०८ वर रुजू होण्याआधी

चि. सोनूस,


बीएएमएस झालीस; पदव्युत्तर प्रवेश मिळेपर्यंत १०८ च्या रुग्णवाहिकेवर नोकरी धरावी, असा तुझा बेत कळला. नोकरी जरूर धर, पण वेळ काढायला म्हणून नको. या सेवेचं मोठं दुखणं हेच आहे की, आलेली माणसं हात बसण्याआधीच निघून जातात. २०१४ मध्ये महाराष्ट्राने ती ९३७ गाड्यांनिशी सुरू केली, २३३ प्रगत आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर ठेवला. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण ज्याचा जीव पुढच्या परीक्षेत किंवा स्वतःच्या दवाखान्यात अडकलाय, तो इथे रमणार कसा?

पदवी असताना आणखी काय शिकायचं, असं तू म्हणशील. साधी अंबू बॅग घे, हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी. श्वास थांबलेल्या माणसाच्या तोंडावर एका हाताने मास्क घट्ट बसवायचा, त्याच हाताच्या बोटांनी जबडा उचलून धरायचा, दुसऱ्या हाताने पाच-सहा सेकंदांनी एकदा पिशवी दाबायची, तीही छाती जेमतेम वर येईल इतकीच. घाबरलेला हात भराभर दाबतो. हवा पोटात जाते, रुग्ण ओकतो आणि ओकलेलं फुप्फुसात उतरतं. हे सगळं खंबाटकी घाटाच्या वळणांवर, चालत्या गाडीत, एकटीने करायचं. ते पुस्तकातून येत नाही, आणि आलेलं सरावाशिवाय टिकत नाही.

काहीजण म्हणतात, गाडी दामटली की काम झालं. पोटात रक्तस्राव होत असेल तर ते खरंच आहे. रस्त्यात घालवलेलं प्रत्येक मिनिट रुग्णाच्या मुळावर येतं. पण उमदीसारख्या दूरच्या गावाहून मिरजेचं सिव्हिल शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. गळीत हंगामात फडावर कळा सुरू झालेली ऊसतोड बाई वाटेतच बाळंत झाली आणि रक्त थांबेना, तर गर्भाशय चोळणं आणि ऑक्सिटोसिन देणं गाडीतच व्हायला हवं.

मग डॉक्टरच कशाला, शिकवलेला तंत्रज्ञ का नको? आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला १९६७ मध्ये फ्रीडम हाउस सेवेने वस्तीतल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना सुमारे ३०० तासांचं कसून शिक्षण दिलं, आणि त्यांचं काम पुढे देशाला नमुना ठरलं. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा तंत्रज्ञांना व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. माझ्या मते पुढे वाट त्यांचीच आहे. पण त्यांना गाडीवर घडवणारं कुणी तरी जुनं, मुरलेलं माणूस लागेल, आणि दर वर्षी डॉक्टर बदलत राहिले तर ते मिळायचं कुठून?

कंत्राटी नोकरी, बेताचा पगार, बढतीची वाट नाही, ही तक्रार मात्र खोडता येत नाही. निष्ठेच्या नावाखाली ती दाबूही नये. म्हणून सही करण्याआधी विचारून घे: मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये, अपघात विभागात आणि प्रसूतिगृहात, महिन्यातून काही दिवस काम करू देतील का? पोहोचवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते कळवतील का? नाही म्हणाले तर सुट्टीच्या दिवशी स्वतः परवानगी मागून जा. आणि गाडीच्या पायलटला, म्हणजे चालकाला, पहिल्या आठवड्यातच सीपीआर शिकव. छाती दाबणारे हात दोन मिनिटांत थकतात, आणि रात्री घाटात तिसरं माणूस नसतं.

तुझा,
काका