तुकडा केवढा होता?

‘लिव्हरची बायोप्सी झाली, विशेष काही निघालं नाही,’ असं कुणी म्हणालं की साताऱ्यातले एक निवृत्त मास्तर लगेच विचारतात, ‘तुकडा केवढा होता?’ समोरचा गोंधळतो. रिपोर्टच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेला निष्कर्ष सगळेच वाचतात. वरचा बारीक मजकूर वाचायचा असतो, हे सरांनाही फार उशिरा कळलं.

सरांना जुना मधुमेह, त्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलेलं. बायोप्सीचा निष्कर्ष आला, ‘फायब्रोसिस, पहिला टप्पा’, म्हणजे लिव्हरमध्ये तंतुमय ऊतक साचण्याची नुसती सुरुवात. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. पुढे प्लेटलेट हळूहळू उतरत गेल्या, प्लीहा वाढलेली दिसू लागली, या आजार पुढे गेल्याच्या खुणा होत्या; तरी दर वेळी तोच जुना रिपोर्ट पुढे केला जाई. अखेर दुसऱ्या एका तज्ज्ञांनी फाइल उलटली आणि निष्कर्षाआधी वरचा मजकूर वाचला : नमुन्याची लांबी ९ मिलिमीटर, तुकडे दोन, पोर्टल ट्रॅक्ट (लिव्हरमधल्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एकत्र जातात त्या वाटा) चार. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या निघाल्या, आणि तपासण्यांअंती सिरोसिस, म्हणजे फायब्रोसिसचा शेवटचा टप्पा, असल्याचं स्पष्ट झालं. मधल्या काळात आजार वाढलाही असेल. पण पहिल्या रिपोर्टवर जेवढा भरवसा टाकला गेला, तेवढा पेलण्याची त्या तुकड्याची ताकदच नव्हती. रिपोर्ट खोटा नव्हता; त्या ९ मिलिमीटरपुरता तो खराच होता.

मोठ्या माणसाचं लिव्हर साधारण दीड किलोचं. सुईत येतो तो त्याचा जेमतेम पन्नास हजारावा हिस्सा. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात बहुधा सारखाच शिजतो. लिव्हरमधला आजार मात्र सगळीकडे सारखा पसरेलच असं नाही. आवरणाच्या लगत तंतुमय ऊतक मुळातच जास्त असतं, त्यामुळे तिथला उथळ तुकडा आजार आहे त्याहून वाढवून दाखवतो. उलट मोठमोठ्या गाठींच्या सिरोसिसमध्ये सुई नेमकी एखाद्या गाठीच्या पोटात शिरली, तर तुकडा जवळपास निरोगी वाटतो. पित्तनलिकांच्या काही आजारांत तर एक भाग पार बिघडलेला आणि शेजारचा धडधाकट, असा प्रकार असतो.

हे नुसते तर्क नाहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या मायामीच्या डॉक्टरांनी हेपटायटिस सीच्या १२४ रुग्णांच्या लिव्हरच्या उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही खंडांतून एकाच वेळी नमुने घेतले. सुमारे ३३ टक्के रुग्णांमध्ये दोन बाजूंचा फायब्रोसिस निदान एका टप्प्याने वेगळा निघाला. १४.५ टक्क्यांमध्ये तर एका बाजूला सिरोसिस, दुसऱ्या बाजूला त्याच्या अलीकडचा टप्पा! फॅटी लिव्हरचं चित्रही वेगळं नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात ५१ रुग्णांचे प्रत्येकी दोन नमुने तपासले. ४१ टक्क्यांमध्ये फायब्रोसिसचा टप्पा जुळला नाही. नमुना लांब असला तर चूक कमी होते, पण संपत नाही : हेपटायटिस सीवरच्या २००३ च्या एका अभ्यासात १५ मिलिमीटरच्या नमुन्यांपैकी ६५ टक्क्यांचाच टप्पा बरोबर ठरला, २५ मिलिमीटरच्या नमुन्यांत ते प्रमाण ७५ टक्क्यांवर गेलं.

म्हणून सर सांगतात, रिपोर्टमध्ये आधी लांबी आणि पोर्टल ट्रॅक्टची संख्या शोधा. २ सेंटिमीटरहून लांब नमुना आणि किमान ११ पोर्टल ट्रॅक्ट ही तज्ज्ञांमध्ये सर्वसाधारण मान्य असलेली पातळी आहे. शंका असेल तर लॅबकडून काचा आणि मेणातला ब्लॉक मागून घ्या आणि लिव्हरचं काम नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा.

बायोप्सीच्या जोडीला दुसरे पुरावेही हवेत. फायब्रोस्कॅन लिव्हरचा ताठपणा मोजतो, आणि बायोप्सीपेक्षा निदान शंभरपट मोठा भाग पाहतो. मात्र त्याआधी तीन तास पोट रिकामं हवं. लिव्हरला तीव्र सूज असली तर आकडा उगाच चढतो. वय, रक्तातली एएसटी आणि एएलटी ही लिव्हरची एन्झाइम्स आणि प्लेटलेट यांवरून काढलेला फिब-४ हा हिशेब तर फुकटचाच. तो १.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा २ धरतात.

याचा अर्थ बायोप्सी निरुपयोगी, असा कुणी काढू नये. ऑटोइम्यून हेपटायटिस आहे की औषधाने झालेली इजा, असा पेच पडला की फायब्रोस्कॅन मुका असतो. तिथे सुईला पर्याय नाही. मात्र रिपोर्ट सौम्य आणि प्लेटलेट घसरत्या, अशी विसंगती दिसली तर डॉक्टरांना त्याचा उलगडा मागायला संकोचू नका. घरात जुना बायोप्सी रिपोर्ट पडला असेल, तर पुढच्या भेटीला तो सोबत न्या. त्यात लांबी आणि पोर्टल ट्रॅक्ट लिहिलेले नसतील, तर लॅबला फोन करून विचारा.