विकेंद्रित आणि संघबद्ध समाजमाध्यमे

एखाद्या मोठ्या कंपनीच्या समाजमाध्यमाचे संगणक अनेक देशांत विखुरलेले असतात. तरी त्या माध्यमास विकेंद्रित म्हणता येत नाही. यंत्रे कोठे ठेवली आहेत, हा येथे गौण प्रश्न होय. त्या यंत्रांवर अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न. तो एकाच मालकाच्या हाती असेल, तर त्याने खाते बंद करताच सर्व परिचितांशी असलेला संबंध एका क्षणात तुटतो.

अधिकार अनेक स्वतंत्र चालकांत वाटला गेला, म्हणजे माध्यम विकेंद्रित झाले. परंतु हे चालक परस्परांशी बोलतच नसतील, तर ती केवळ वेगवेगळी बेटे ठरतात. समान नियमांनी ती जोडली गेली, की संघ बनतो. ई-मेल हे याचे जुने व परिचित उदाहरण. पत्र धाडणाऱ्याची व घेणाऱ्याची सेवा एकच असावी लागत नाही.

समाजमाध्यमांत हे तत्त्व ‘मॅस्टोडॉन’मध्ये स्पष्ट दिसते. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ साली ते सुरू केले. ही संगणक-प्रणाली मुक्त असल्याने कोणतीही संस्था वा व्यक्ती आपला सर्व्हर उभारू शकते. समजा, एका विद्यापीठाच्या सर्व्हरवरील विद्यार्थिनीस दुसऱ्या सर्व्हरवरील ग्रंथपालाचे लेखन वाचावयाचे आहे. तिचा सर्व्हर तशी विनंती पाठवितो. ती मान्य झाल्यावर ग्रंथपाल जे लिहील त्याची प्रत तिच्या सर्व्हरच्या आवकपेटीत पोहोचते. या देवघेवीची नियमावली म्हणजे ‘ॲक्टिव्हिटीपब’. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानक-संस्थेने तिला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली.

प्रत दुसरीकडे गेली, की तिच्यावरील ताबाही गेला, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. लेखकाने मजकूर पुसला तर पुसण्याची सूचना इतर सर्व्हरांना जाते. ती पाळणे त्यांच्यावर अवलंबून असते. मॅस्टोडॉनवरील खाजगी निरोपही सर्व्हरचा चालक वाचू शकतो.

संघात बहिष्कृत करण्याची रीतही निराळी आहे. जुलै २०१९ मध्ये ‘गॅब’ या अमेरिकन माध्यमाने मॅस्टोडॉनची प्रणाली स्वीकारली. तेथील द्वेषमूलक लेखनामुळे पुष्कळांचा तीव्र विरोध होता. पण प्रणाली मुक्त असल्याने तिचा वापर रोखणे कर्त्यांनाही शक्य नव्हते. तेव्हा अनेक चालकांनी आपापल्या सर्व्हरचा त्याच्याशी संबंध तोडला. गॅब चालू राहिले, पण शेजाऱ्यांवाचून.

सभासदास एक सर्व्हर सोडून दुसरीकडे जाता येते व त्याचे वाचकही त्याच्यामागे जातात. जुने लेखन मात्र मागेच राहते. शिवाय या स्थलांतराची वार्ता जुन्या सर्व्हरनेच इतरांना द्यावयाची असते. तो अकस्मात बंद पडला, तर ती देणारा कोणी उरत नाही. सभासद ज्यांचे लेखन वाचतो त्यांची यादी उतरवून घेण्याची सोय आहे, परंतु सर्व्हर जिवंत असेपर्यंतच.