पाण्यात उतरलेला करंट

परवा फोनवर म्हणालीस, "मामा, टँकमध्ये हात घातला की बोटाला झिणझिण्या येतात, पण मासे अगदी मजेत आहेत." मासे मजेत असणारच गं. विजेच्या तारेवर कावळा बसतो, त्याला काही होतं का? माशाच्या चहूबाजूंना तेच पाणी, तोच दाब. त्याच्या अंगातून करंटला पुढे जायला वाट नसते. वाट असते ती तुझ्या बोटापासून ओल्या फरशीवरच्या अनवाणी पायापर्यंत. तेव्हा माशांच्या तब्येतीवरून टँकची तब्येत ठरवू नकोस.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. वायरमनकी नवी होती तेव्हाची. क्रॉफर्ड मार्केटातून मासे आणायचे आणि पलीकडच्या लोहार चाळीतून वायरी, असा माझा रविवार. एकदा शेवाळ काढायला टँकमध्ये हात घातला आणि बोटाला टचकन काहीतरी लागलं. वाटलं, एंजल मासा चावला! वायर सोलताना त्या बोटाला बारीक काप गेला होता, म्हणून एवढं जाणवलं. दुसऱ्या हाताने लोखंडी स्टँड धरला आणि खांद्यापर्यंत सणक गेली. हीटरच्या काचेला केसाएवढी चीर होती आणि नळीच्या आत दव धरावं तसं पाणी. लोकांच्या घरचे फॉल्ट शोधणारा मी, घरचा हीटर सहा महिने पाहिला नव्हता.

तेव्हापासून हात घालण्याआधी सगळे प्लग उपटतो. बोर्डावरचं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कुणीतरी घाईत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. मग बटण बंद, दिवा बंद, पण फेज आत तशीच उभी. फिल्टर पाच-दहा मिनिटं थांबल्याने कुठलाही मासा मरत नाही. हीटर मात्र पाणी काढायच्या पंधरा मिनिटं आधी बंद कर. पाणी खाली गेलं की तो उघडा पडून तापतो, आणि वरून गार पाणी पडलं की काच तडकते. माझा बहुतेक तसाच गेला असणार.

आता शोधायचं कसं? टेस्टर पाण्यात बुडवू नकोस. त्यातला निऑन इतक्या कमी करंटवर पेटतो की तो चोरालाही पकडतो आणि सावालाही. डिजिटल मीटर एसीवर लाव, पायात कोरडी रबरी चप्पल घाल, सगळी उपकरणं चालू ठेव. एक काडी पाण्यात, दुसरी तीन पिनांच्या सॉकेटातल्या वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगमध्ये. बोटं काड्यांच्या प्लास्टिकवरच ठेव, पाण्याला लावू नकोस.

पण आधी ते अर्थिंग खरं आहे का ते बघ. आपल्याकडे तिसरं भोक पुष्कळदा नुसतं शोभेला असतं. फेज आणि अर्थ यांत साधारण 230 दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-चार. फेज-अर्थमध्ये 90, 110 असलं काही आलं तर अर्थिंग हवेत लोंबकळतंय. आणि न्यूट्रल-अर्थमध्ये घरात गीझर चालू असतानाही चोख शून्य आलं तर खूश होऊ नकोस. कुणा शहाण्याने बोर्डातच न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडलेला असू शकतो. तिथे वायरमनच बोलाव. तुमच्या सोसायटीच्या मीटरखोलीमागे मीठ-कोळशाचा खड्डा असेल, तर उन्हाळ्यात त्यात पाणी पडतं का तेही विचार. आमच्या वेळी एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला बादली ओतायचो. आता कुणाला खड्डा कुठे आहे हेच माहीत नसतं.

अर्थिंग ठीक निघालं की मीटरकडे बघत एकेक प्लग काढ. समजा पाण्यात 45 दिसतात. दिवा काढला, 30. पंप काढला, 12. असे थोडे-थोडे उतरले तर तो बहुधा शेजारच्या वायरींमुळे पाण्यावर चढलेला पोकळ दाब असतो. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून त्याला हे भूतही दिसतं. काही मीटरवर लो-झेड म्हणून बटण असतं. ते दाबल्यावर आकडा शून्याजवळ कोसळला तर ते भूतच. पण एकच प्लग काढल्यावर दीडशेचे दहा झाले, तर गुन्हेगार तुझ्या हातात आहे. हीटर, नाहीतर पाण्यातल्या पंपाच्या कॉइलवरचं तडकलेलं एपॉक्सी, नाहीतर खरवडलेली केबल. त्याला एम-सील लावून जगवायचा मोह होईल. मला झाला होता. टाकून दे.

दुकानदार म्हणेल, पाण्यात अर्थिंगची काडी सोडा, प्रश्न मिटला. इथे मी जरा चिडतो. फॉल्ट तसाच ठेवून नुसती काडी सोडली की इतका वेळ वाट नसलेल्या करंटला पाण्यातून आयती वाट मिळते, आणि तो मासे पोहतात तिथूनच दिवसरात्र वाहतो. आणि लोक काडी कसली घालतात? तांब्याची वायर! तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी आणि गोगलगायी आधी मरतात. काडी हवी तर टायटॅनियमची, आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच, असेल तरच.

आरसीसीबी मात्र हवाच. एमसीबी आहे ना, म्हणू नकोस. तो वायर वाचवतो, माणूस नाही. ओल्या अंगातून जीव घ्यायला पुरेसा करंट त्याच्या हिशेबात चिल्लर असतो. पंप-हीटर बहुतेक दोन पिनांचे आणि टँक काचेचा, त्यामुळे पाण्यात फॉल्ट आला तरी हात घालेपर्यंत आरसीसीबीला पत्ता लागत नाही. तो पडेल तेव्हा झटका तुला बसलेलाच असेल, पण जीव वाचेल. टायटॅनियमची काडी सोबत असली तर तो तुझा हात पाण्यात जायच्या आधीच पडतो. काडीचा खरा उपयोग एवढाच. आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण असतं, ते दर महिन्याला दाब. मी लाइटबिल भरलं की दाबतो.

आणखी एक, तुमच्याकडे लाइट जाते म्हणून सांगतो. हवेचा पंप टँकच्या खाली ठेवला असशील, तर लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं, आणि लाइट आली की ओल्या पंपात वीज. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांग, किंवा नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लाव. वायरीही सॉकेटात जाण्याआधी एकदा खाली झोळासारख्या सोडायच्या, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी ठिबकतो, बोर्डात शिरत नाही.

मासे मेले म्हणून उगाच करंटच्या मागे लागू नकोस. आधी नळाच्या पाण्यातला क्लोरीन बघ.

आणि बिघडलेला हीटर कचऱ्यात टाकताना त्याची वायर मुळापासून कापून टाक. नाहीतर भंगारातून कुणीतरी उचलेल, प्लग चांगला दिसतोय म्हणून लावून बघेल.