कार्तिकातले आकाश : मुलांबरोबर नक्षत्रे ओळखूया

इथल्या मराठी शाळेत मी मुलांना महिन्यांची नावे शिकवतो. चैत्र, वैशाख मुले घडाघडा म्हणतात, पण "कार्तिक हे नाव कुठून आले?" असे विचारले की सगळे गप्प. उत्तर आपल्या डोक्यावरच आहे! पौर्णिमेचा चंद्र कृत्तिका नक्षत्राच्या आसपास असतो तो कार्तिक, मृगशीर्षाजवळ असतो तो मार्गशीर्ष, मघांजवळ असतो तो माघ.

लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे दिवाळीत चांदण्यांना चंद्राचा अडथळा नाही. लंडनमध्ये तेव्हा अंधारही लवकर पडतो. तर मंडळी, रात्री नऊच्या सुमारास मुलांना गरम कपडे घालून मागच्या बागेत न्या. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे द्या.

प्रथम उत्तरेकडे पाहा. क्षितिजाच्या थोडे वर सप्तर्षी दिसतील : चार ताऱ्यांचा पतंग आणि तिघांची शेपटी. पतंगाच्या शेपटीपासून दूरच्या बाजूला पुलह आणि क्रतू हे दोन तारे आहेत. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा तशीच पुढे, त्या दोघांतील अंतराच्या पाचपट नेली की ध्रुव सापडतो. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. नजर चांगली असेल तर त्याच्या शेजारी बारीकशी अरुंधती दिसेल.

मुंबईत दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊ वाजता सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. लंडनहून मात्र ते कधीच मावळत नाहीत. कारण ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची आपल्या गावाच्या अक्षांशाइतकी असते : मुंबईत सुमारे १९ अंश, लंडनमध्ये सुमारे ५१ अंश. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. मुलांना पाच मुठी मोजायला सांगा; भूगोलाचा धडा आपोआप होईल.

आता पूर्वेकडे वळा. छोटासा पुंजका दिसतो त्या कृत्तिका. नुसत्या डोळ्यांनी साधारण सहा तारे मोजता येतात. कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा माता त्या याच. आज दिसणारा त्यांचा प्रकाश सुमारे ४४० वर्षांपूर्वी, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी निघालेला आहे! त्यांच्या खाली तांबूस दिसते ती रोहिणी.

मृग दिवाळीत जरा उशिरा उगवतो. डिसेंबरात रात्री दहाच्या सुमारास छान दिसतो. चार ताऱ्यांचा चौकोन म्हणजे हरिण, मधले तीन तारे म्हणजे त्याला लागलेला बाण. बाणाची रेषा खाली डावीकडे नेली की तेजस्वी व्याध, वर उजवीकडे नेली की रोहिणी आणि पुढे कृत्तिका. मुले शाळेत यालाच ओरायन म्हणतात. गंमत म्हणजे तिकडे हा शिकारी, आपल्याकडे शिकार!

जूनमध्ये "मृग लागला" म्हणतात तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून पावसाच्या तोंडावर मृग दिसत नाही. तो पाहायचा थंडीतच.

ओरायन हे नाव मुलांना शाळा शिकवेल, पण मृग, व्याध, अरुंधती ही नावे आपण सांगितली नाहीत तर इथे दुसरे कोण सांगणार? मृग दिसला की मुलांना आजी-आजोबांना फोन लावायला सांगा. त्या रात्री तोच मृग त्यांच्याही डोक्यावरून गेलेला असतो, फक्त आपल्यापेक्षा बराच उंचावरून.

सर्वांना शुभ दीपावली!