एका तासाची सात वर्षे

गुरुत्वाकर्षण जितके प्रबळ, तितका तेथील काळ मंद, असे आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत (१९१५) सांगतो. 'इंटरस्टेलर' (२०१४) या चित्रपटाची कथा याच नियमावर उभी आहे. शनीजवळच्या कृमिविवरातून गेलेले प्रवासी एका महाकाय कृष्णविवराजवळील ग्रहावर उतरतात. तेथील एक तास म्हणजे पृथ्वीवरील सात वर्षे! ते परततात तेव्हा दूर यानात थांबलेल्या सोबत्याची २३ वर्षे उलटलेली असतात. मी भागाकार करून पाहिला. ग्रहावर ते जेमतेम सव्वातीन तास होते.

कृमिविवर अद्याप कोणालाही आढळलेले नाही, ती कल्पनाच. काळाचे मंदावणे मात्र खरे. दिशादर्शक उपग्रहांवर गुरुत्वाकर्षण कमी असते. म्हणून वेगाचा परिणाम वजा जाताही तेथील घड्याळे रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर दिवसभरात ठिकाण कित्येक किलोमीटरने चुकेल.

कथेतील नायकाला यानाच्या पडद्यावर आपली लेक दिसते. निघताना त्याचे जे वय होते, तेच आता तिचे आहे. उपग्रहाचे घड्याळ आपण जुळवून घेतो. या बापलेकीला ती सोय नव्हती. माझ्या मते हा सिद्धांत समजून घेण्यास येथूनच सुरुवात करावी.